पाहण्यासारखे

गावाला निघालेल्या माणसाला आपण हटकून विचारतो, "तिकडे पाहण्यासारखे काय आहे?" प्रश्न साधा आहे, आणि उत्तरही साधेच मिळते: अमुक देऊळ, तमुक किल्ला, एखादा धबधबा. या शब्दात एक निवाडा दडलेला असतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. काही गोष्टी पाहण्यासारख्या असतात. याचा अर्थ उरलेल्या तशा नसतात. हा निवाडा कोण करतो? कशाच्या आधारावर करतो? मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मुलांना 'नीट पाहा' असे सांगण्याचाच मला पगार मिळतो. तरी हा प्रश्न मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर, एका रिकाम्या कोठडीच्या दारात उभा असताना पडला.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त मार्सेल्सला राहतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्या आग्रहाने मी आणि सौभाग्यवती तिकडे दहा दिवस राहून आलो. जाण्यापूर्वीच त्याने एक यादी पाठवली होती: जुने बंदर, टेकडीवरचे मेरीमातेचे देऊळ, आणि समुद्रातला 'शातो दीफ' नावाचा किल्ला. किल्ल्यापुढे त्याने दोन रेघा मारल्या होत्या. "दादा, हा चुकवायचा नाही. तुम्ही कादंबरीकार, तुमच्यासाठीच आहे तो," असे वर लिहिले होते.

मार्सेल्स हे फार जुने शहर. ख्रिस्तपूर्व सहाशेच्या सुमारास आशिया मायनरमधील ग्रीक दर्यावर्दी येथे उतरले आणि त्यांनी वसाहत केली. तेव्हापासून बंदर जागचे हललेले नाही. तीन बाजूंना घरे, मध्ये पाणी, पाण्यात शिडाच्या होड्यांची दाटी. सकाळी धक्क्यावर कोळी मासळी मांडून बसतात. एका मावळ्या वयाच्या बाईने मासा उचलून आम्हाला दाखवला आणि काहीतरी मोठ्याने म्हटले. भाषा कळली नाही, पण 'ताजा आहे, घ्या' हे कळले. आमच्याकडच्या बाजारात तरी वेगळे काय म्हणतात? याच धक्क्यावरून किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटी सुटतात.

बोटीत बसलो आणि जे प्रत्येक मराठी माणसाच्या मनात मार्सेल्सला यायचेच, ते माझ्या मनात आले. ८ जुलै १९१० च्या सकाळी 'मोरिया' बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी याच शहराच्या बंदरात उडी घेतली होती. ती उडी मी वर्गात मुलांना कितीदा सांगितली असेल, फळ्यावर खडूने काढूनही दाखवली असेल! मुलांचे डोळे चमकतात. पण उडीनंतर काय झाले, हे सांगू लागलो की मुले वहीच्या कडेला चित्रे काढू लागतात. ते पोहून धक्क्याला लागले, फ्रेंच भूमीवर पाय ठेवला, आणि थोड्याच वेळात फ्रेंच शिपायाने त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केले. पुढे फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यातला हा तंटा हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात, कैद्याला ताब्यात देण्यात अनियमितता झाली खरी, पण इंग्लंडने त्याला परत करण्याचे कारण नाही, असे ठरले. त्यानंतर अंदमान. उडी काही क्षणांची. तिच्यापुढची कैद वर्षांची. मुलांना आठवते ती उडी. मुलांनाच का दोष द्यावा? बोटीतून पाण्याकडे पाहताना मीही अंदमानचा विचार करीत नव्हतो, उडीचाच करीत होतो.

वीसेक मिनिटांत बेट आले. बेट कसले, चुनखडीचा एक पांढरा खडक. झाड असे जवळजवळ नाहीच. या खडकाची एक गोष्ट थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचते. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला होता. जानेवारी १५१५ मध्ये तो गेंडा गोव्याहून गलबतात चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. पोर्तुगालच्या राजाने तो पुढे पोपला नजर म्हणून रोमला पाठवला, आणि वाटेत १५१६ च्या आरंभी तो याच बेटावर उतरवण्यात आला. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम तो पाहायला येथे आला. तेव्हा येथे किल्ला नव्हता. तो याच राजाने पुढच्या दशकात बांधावयास घेतला. म्हणजे या बेटावरचे पहिले 'पाहण्यासारखे' जे काही होते, ते आपल्याकडून साखळदंडाने बांधून नेलेले एक जनावर होते.

पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात गलबत बुडाले. गेंडा पोहू शकला असता, पण साखळदंडामुळे बुडाला. इकडे न्युरेंबर्गला आल्ब्रेख्त ड्युररने, स्वतः तो न पाहता, कुणाच्या पत्रावरून आणि एका कच्च्या रेखाटनावरून १५१५ मध्येच त्याचा लाकडी ठसा कोरला. अंगावर चिलखताचे पत्रे, पाठीवर एक जादा शिंग! चित्र इतके देखणे उतरले की पुढची अडीचशे-तीनशे वर्षे युरोपाने गेंडा म्हणून तेच ओळखले. चित्रकलेचा मास्तर म्हणून त्या ठशापुढे मी नेहमीच नतमस्तक होत आलो आहे. पण त्या दिवशी त्या उन्हात मला वाटले, ज्याने चिलखत कल्पिले त्याला साखळी मात्र दिसली नाही.

किल्ल्याच्या आत गेलो. लहानसे चौकोनी अंगण, मध्ये विहीर, भोवती कोठड्या. किल्ला बांधला संरक्षणासाठी. वापरला गेला तुरुंग म्हणून. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर त्या पंथाची कितीतरी माणसे येथे कोंडली गेली. ज्याच्याजवळ पैसा असे त्याला वरच्या मजल्यावर खिडकी आणि शेकोटी असलेली खोली मिळे. ज्याच्याजवळ नसे तो खाली अंधारात. हे सारे तेथे लिहिलेले आहे आणि मी ते भावाकडून वाचून घेतले. आमच्याबरोबर बोटीतून आलेल्यांपैकी फार थोडे त्या पाटीपाशी थांबले. गर्दी होती ती एका वेगळ्याच दारापाशी.

त्या दारावर एडमंड दान्तेसचे नाव आहे. अलेक्झांडर द्युमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या १८४४ ते १८४६ मध्ये क्रमशः आलेल्या कादंबरीचा हा नायक. निरपराध असून चौदा वर्षे या किल्ल्यात खितपत पडतो. शेजारच्या कोठडीतला म्हातारा पाद्री भुयार खणत त्याच्यापर्यंत पोचतो, त्याला विद्या देतो, गुप्त खजिना सांगतो आणि मरतो. दान्तेस त्या म्हाताऱ्याच्या प्रेताच्या गोणपाटात शिरतो, पहारेकरी त्याला समुद्रात भिरकावतात, तो गोणपाट फाडून पोहत निसटतो. दान्तेस कधी जन्मलाच नाही. तरी त्याची कोठडी आहे, दारावर नाव आहे, आणि दोन कोठड्यांमधल्या भिंतीला भगदाडही आहे. पाहायला येणाऱ्यांची निराशा होऊ नये म्हणून ते मागाहून पाडलेले! एक प्रौढ गृहस्थ वाकून त्या भगदाडातून पाहत होते. ते उभे राहिले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. माझेही तसेच झाले असावे, कारण सौभाग्यवतीने विचारले, "डोळ्यांत काय गेलं?"

त्या म्हाताऱ्या पाद्र्याचे नाव द्युमाने फारिया ठेवले आहे, आणि येथे मी चमकलो. फारिया खरा होता. तो आपला होता. जुझे कुस्तोदियु फारिया, १७५६ मध्ये गोव्यात, बारदेशातल्या कांदोळी गावी जन्मलेला. बापाबरोबर पोरवयात लिस्बनला आणि तेथून रोमला गेला, तेथे पाद्री झाला, पुढे फ्रान्समध्ये राहिला. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. हात पुढे करून समोरच्या स्त्रीला निद्रा आणणारा. १९४५ मध्ये तो उभारला गेला. शाळेच्या सहलीत मी मुलांकडून त्याची रेखाटने करून घेतली आहेत. हा माणूस १८११ मध्ये मार्सेल्सला तत्त्वज्ञानाचा अध्यापक होता. याच शहरात! म्हणजे माझाच व्यवसायबंधू. तो या किल्ल्यात कैदी होता याला पुरावा नाही. पुढे पॅरिसला त्याने संमोहनाचे प्रयोग केले, लोकांनी त्याची रंगभूमीवर टवाळी केली, आणि १८१९ मध्ये तो दारिद्र्यात मेला. त्याच वर्षी त्याचा ग्रंथ निघाला. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलाही गूढ प्रवाह निघत नाही. निद्रा येते ती निद्रिस्ताच्या स्वतःच्या मनामुळे, हे त्याचे म्हणणे. ते त्या काळाच्या पुढचे होते. द्युमाने त्याला इटालियन केले, खजिन्याचे गुपित दिले, किल्ल्यात कोंडले, आणि अमर केले. किल्ल्यावर येणाऱ्या किती जणांना कांदोळीचा खरा फारिया ठाऊक असेल?

मला द्युमाचा राग आला. तो राग घेऊनच मी परतीच्या बोटीत बसलो. आणि बोट निम्म्या वाटेवर असताना माझ्या ध्यानात आले की हा राग द्युमावरचा नव्हेच.

अठरा वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. आमच्या तालुक्यात धरण झाले, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. पाण्याखाली गेलेल्या एका गावात एक म्हातारी होती. ती घर सोडायला तयार नव्हती, एवढे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तिच्यावरून मी सरस्वती नावाची नायिका रचली. कादंबरीच्या शेवटी पाणी उंबऱ्याला लागते, सरस्वती तुळशीपुढे दिवा लावून बसते आणि पाणी तिला पोटात घेते. वाचकांनी ते शेवटचे प्रकरण डोक्यावर घेतले. अजूनही पत्रे येतात.

खरी म्हातारी बुडाली नाही. तिला शेवटच्या दिवशी उचलून ट्रकमध्ये घातले. त्यानंतर ती अकरा वर्षे पुनर्वसनाच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये जगली. पर्यायी जमिनीसाठी कचेरीत हेलपाटे घालीत राहिली. आज हा दाखला नाही, उद्या तो साहेब नाही. तिला मी पाहिले आहे. पिशवीत कागद घालून एस. टी. च्या थांब्यावर बसलेली असे. जमीन मिळाली नाही आणि ती मेली. हे मला ठाऊक होते. कादंबरी लिहिताना मी ते सोडून दिले, कारण अकरा वर्षांचे हेलपाटे हे, तेव्हा मला वाटले, कादंबरीत घालण्यासारखे नव्हते. पाहण्यासारखे नव्हते, असेच म्हणा ना!

आता उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या गावातले देवळाचे शिखर वर येते आणि लोक होडीतून पाहायला जातात. होडीवाले दाखवतात, "इथं सरस्वतीनं जीव दिला." त्यांतला एक होडीवाला त्या म्हातारीचा नातू आहे. आपल्या आजीच्या जागेवर उभा राहून तो माझ्या सरस्वतीची गोष्ट सांगतो आणि त्यावर पोट भरतो.

ड्युररने गेंड्याला चिलखत दिले, द्युमाने कैद्याला सुटका दिली, मी म्हातारीला जलसमाधी दिली. ते दोघे थोर आणि मी तालुक्याचा. पण कृत्य एकाच जातीचे. कल्पना दुःखाला शोभा देते. शोभा आली की ते पाहण्यासारखे होते. आणि जे पाहण्यासारखे होते त्याच्या आड, जे तसे नव्हते ते झाकले जाते. साखळी, पाटीवरचे प्रॉटेस्टंट, कचेरीतली बाकडी.

मग कल्पना टाकून द्यावी काय? दोन दिवस मी तसेच म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी आम्ही जुन्या बंदराच्या उत्तर काठावर जेवायला बसलो होतो. सुबक, सरळ इमारती, खाली उपाहारगृहे. मी भावाला म्हटले, "बाकीचं शहर एवढं जुनं, मग हा काठच नवा कसा?" तो म्हणाला, "दादा, हे सगळं उडवलेलं आहे." जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या साह्याने या वस्तीतून सुमारे वीस हजार माणसे बाहेर काढली, धरपकडीतल्या शेकडो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवले, आणि फेब्रुवारीत दीड हजारांच्या आसपास इमारती सुरुंग लावून पाडल्या. नगरभवन आणि अशा दोनचार वास्तू तेवढ्या वगळल्या. मी आजूबाजूला पाहिले. लोक जेवत होते, हसत होते. आम्हीही जेवतच होतो. वीस हजार माणसांचे घर जेथे गेले तेथे कुणाचे डोळे ओले होत नव्हते. आणि जो कधी नव्हताच त्या दान्तेससाठी माणसे तिकीट काढून रडत होती. या काठाला कुणी द्युमा भेटला असता तर? निदान कुणीतरी थांबून विचारले असते, येथे काय झाले?

तेव्हा कल्पना हा नुसता पडदा नव्हे, ते दारही आहे. किल्ल्यावर दान्तेससाठी आलेल्या शंभरांतले पाच तरी ती दुसरी पाटी वाचतात. दान्तेस नसता तर ते पाचही आले नसते. मीही फारियाच्या मागे लागलो तो द्युमाच्या भगदाडातूनच. आणि फारियाचे म्हणणे खरे मानायचे तर सारा दोष झोप आणणाऱ्याचाही नाही. झोपणाऱ्यालाही झोप हवी असते. वाचकाला जलसमाधी हवी होती. मला ते ठाऊक होते आणि मी ती दिली. माझ्या अपराधाची जागा मला तेव्हा नेमकी सापडली. नाव बदलले हा अपराध नव्हे, प्रसंग रचला हाही नव्हे. तिचे दुःख लांब होते, कंटाळवाणे होते, आणि त्या लांबीतच ते दुःख होते. ते मी आखूड करून देखणे केले, हा अपराध.

निघण्यापूर्वी टेकडीवरच्या देवळात गेलो. १८६४ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. कळसावर सोन्याचा मुलामा दिलेली मेरीमाता, आणि आत छताला टांगलेली लहान लहान जहाजे: समुद्रातून वाचलेल्यांचे नवस. भिंती संगमरवरी पाट्यांनी भरलेल्या. मी अर्थ विचारला. बहुतेकांवर 'आभार' एवढेच, एखादी तारीख, नावाची दोन आद्याक्षरे. कोण, कशातून वाचला, काही नाही. त्या पाट्यांपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. त्यांत शोभा कसलीच नव्हती.

परत आल्यावर मृगाच्या आधी मी धरणावर गेलो. पाणी खाली गेले होते. त्या नातवाच्या होडीत बसलो आणि त्याला म्हटले, "नवी आवृत्ती निघते आहे. आरंभी तुझ्या आजीचं खरं नाव घालतो." मला वाटले होते तो आनंदेल. तो वल्हे मारायचा थांबला. म्हणाला, "गुरुजी, नाव नको. नाव घातलं की ते पण दाखवायला लागंल मला."

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "लिवायचंच आसंल तर ती अकरा वरसं लिवा."

प्रस्तावना लिहावयास घेतली आहे. अकरा वर्षे कशी लिहायची हे मला अजून साधलेले नाही. ती लिहू लागलो की वाचक उठून जाईल ही जुनी भीती पाठ सोडत नाही. कदाचित तो जाईलही. पण पहिले वाक्य लिहून झाले आहे आणि ते मी आता बदलणार नाही: ती बुडाली नाही.